लाल डोळ्यांचा फोटो

"मारा टोनहीले!"

छत्तीसगडातल्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या नरेशच्या क्वार्टरसमोर सगळी गल्ली लोटली होती. चेटकीण सापडली होती ना! ती अंगणात पडली होती, नरेशची सख्खी आत्या मैनाबाई. लोकांनी केस कापलेले, दात पाडलेले. आणि कमरेच्या पट्ट्यानं तिला फोडून काढत होता खुद्द नरेश, तिच्याच कडेवर वाढलेला.

ओट्यावर पावर हाउस भागातले फोटोबाबा बसले होते. फोटोत भुतं शोधून देणं हा त्यांचा धंदा. नरेशच्या बाळाच्या नामकरणाचा फोटो त्यांनी उंच धरला. "देखो! मशीन झूठ नहीं बोलती! आँखें अंगारा! और ये सफेद गोले? आत्माएँ!"

फोटोत बाळ मैनाबाईच्या मांडीवर होतं. घरच्या सगळ्यांत तिचेच डोळे लालभडक, भोवती पांढरे गोळे. आज बाळ तापानं फणफणत होतं. लोकांना एवढं पुरलं.

शेजारची सुजाता शाळेत विज्ञान शिकवायची. ती गर्दीत घुसून मैनाबाईवर आडवी पडली. पट्टा तिच्या खांद्यावर बसला, रक्त आलं.

"हट ताई! माझं लेकरू मरून राहिलं!"

"मंग त्याले दवाखान्यात ने! हिले कावून मारून राहिला?"

"फोटो नाही दिसत तुले?"

"दिसते. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच खोलीत बाबाचा काढ. तूच काढ."

"मेरा? मैं तो शुद्ध आत्मा!" बाबा गुरगुरले. पण गर्दीलाही आता पाहायचं होतं. बाबांना उठावंच लागलं.

सुजातानं खोलीतला दिवा मालवला, सतरंजी झटकली आणि बाबांना सरळ कॅमेऱ्यात बघायला लावलं. फ्लॅश उडाला.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून नरेशची बायको रत्नमाला किंचाळली, "अवो, याचेबी डोळे लाल! गोळेबी हायेत!"

"अंधारात बाहुली मोठी होते," सुजाता म्हणाली. "फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते. तिथं रक्त असते, म्हणून लाल दिसते. त्या दिवशीबी खोलीत अंधार होता; सगळे बाळाकडे पाहत होते, आत्या कॅमेऱ्याकडे. अन् गोळे म्हणजे फ्लॅशमध्ये चमकलेली सतरंजीची धूळ." तिनं दिवा लावला, धूळ बसू दिली, फ्लॅश बंद करून बाबांचा दुसरा फोटो काढला. डोळे काळे. गोळे गायब.

मग तीच गर्दी बाबांवर तुटून पडली. नाक फुटलं, दाढी उपटली. सुजाता पुन्हा मध्ये घुसली. "थांबा! त्याले पोलीस पाहतील. बाळाले उचला पहिले!"

बाळाला न्यूमोनिया निघाला. ते वाचलं. मैनाबाई एका कानानं कायमची बहिरी झाली. टोनही म्हणून छळणं छत्तीसगडात गुन्हा आहे. बाबासोबत नरेशही आत गेला. जामिनावर सुटल्यावर तो आत्याच्या पाया पडायला गेला. तिनं पाय मागे घेतले.

फोटोत डोळे लाल आले, तर दिवा लावून दुसरा काढा. लेकरू तापलं, तर डॉक्टर गाठा. आणि कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर हात उचलण्याआधी विचारा: कशावरून?