लाल बादल्यांतली मेथी

दौंडहून बारामतीला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या वाटेवर एक स्टेशन होतं. कचेरीची एक खोली, मागं राहायच्या दोन, एक पत्र्याचं गोदाम, एक विहीर आणि एक कडुलिंबाचं झाड. सारजाचा नवरा बिरू तिथं सांधेवाला होता. रूळ बदलायचे, कंदील लावायचे, घंटा द्यायची, एवढं त्याचं काम. सारजा कन्हेरी गावची, माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. लहानपणापासून तिच्या पायांना ओल्या वाफ्यांची सवय. इथं मात्र चहूकडं मुरूम, बाभळी आणि लांबवर पाण्यासारखं हलणारं ऊन.

सकाळची गाडी गेली की संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथं काही म्हणजे काही घडायचं नाही. सारजा भिंतीला पाठ टेकून बसायची. डोळे उघडे असायचे, पण पुढं दिसायचं ते निराळंच. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात शिरतंय, आई पायाच्या अंगठ्यानं बांध फोडतेय, ओल्या मातीचा वास उठतोय. कुणी हाक मारली की ती दचकायची, आणि तिचे तळपाय खरोखरच गार लागायचे.

छप्पन साल होतं. होळी झाली तसं स्टेशनमास्तर हिंदुरावांनी बिरूला बोलावलं. मास्तर इंदापूरकडचे, साठीला टेकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पाडव्यानंतर मोठे साहेब तपासणीला येणार आहेत, तोवर पुढची बाग नीटनेटकी दिसली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. बाग म्हणजे मेंदीचं कुंपण, दोन जास्वंदी आणि विटांचं एक गोल आळं. बिरूला कंदिलांच्या काचा पुसण्यातून सवड नव्हती. सारजा म्हणाली, मी करते. तिनं पदर खोचला आणि खुरपं घेतलं.

चार दिवस ती तिथंच रमली. जास्वंदीच्या वाळक्या काटक्या छाटल्या, आळं उकरलं, विटांना चुना लावला. लिंब पानं ढाळत होता आणि वर तांबूस पालवी फुटत होती. खालची पिवळी पानं झाडून झाडून तिनं गोदामाच्या कोपऱ्याशी ढीग केला. हा पाला लांबच्या खड्ड्यात टाक, असं बिरूनं दोनदा सांगितलं. ती व्हय म्हणाली आणि विसरली.

विसरायला तसंच कारण झालं होतं. फलाटावर खुंट्यांना चार लाल बादल्या टांगलेल्या असत, आग लागली तर टाकायला म्हणून वाळूनं भरलेल्या. पुसायला म्हणून तिनं त्या खाली काढल्या आणि वाळूत हात घातला. कऱ्हा नदीची वाळू होती, बारीक, चाळल्यासारखी. तिची आई फुटक्या घमेल्यात असलीच वाळू भरून मेथी टाकायची, आणि बोटभर वाढली की मुळासकट उपटून भाजी करायची. सारजाच्या डब्यात माहेरची मेथी होती. तिनं मूठभर दाणे रात्रभर भिजवले आणि सकाळी एका बादलीत पेरले. मग दुसरीत. मग वाटलं, उरलेल्या दोन तरी का म्हणून रिकाम्या ठेवायच्या, आणि त्यांतही पेरले.

तिसऱ्या दिवशी वाळूला तडे गेले. चौथ्या दिवशी दाण्याची टोपी डोक्यावर घेऊन कोंब वर आले. वाकलेले, पांढुरके, डोळे चोळत उठल्यासारखे. दुपारपर्यंत ते ताठ झाले आणि त्यांना हिरवा रंग चढला. सारजा बादल्यांपुढं बसून राहायची. बघता बघता बादलीचा वाफा व्हायचा, वाफ्याचं रान व्हायचं, आणि त्या रानातनं ती अनवाणी चालत सुटायची. भाकरी करपल्याचा वास आला म्हणजे परत यायची. बिरू करपलेली भाकरी मुकाट खायचा. बायको हसतेय हे त्याला दिसत होतं, एवढ्यावर तो खूष होता.

एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. ती पाणी घालायला जायची तेव्हा वाळू आधीच ओली असायची. दव इतकं पडतं का, असं तिच्या मनात यायचं. सहाव्या दिवशी ती जरा लवकर उठली. पाहते तर मास्तर तांब्या घेऊन उभे, बोटांच्या फटींतनं थेंब थेंब पाणी सोडतायत, पानं मोडू नयेत म्हणून.

तिला पाहून मास्तर ओशाळले. मग त्यांनी आवाज जरा चढवला.

"वाळू कोरडी पायजे, असा नियम हाय. ठाव हाय का तुला?"

"न्हाय, मास्तर," सारजा म्हणाली. "आजच उपटते."

तांब्यातलं उरलेलं पाणी मास्तरांनी शेवटच्या बादलीत सोडलं.

"तपासणीला अजून आठ दिस हायत," ते म्हणाले. "आदल्या दिवशी उपट. तवर राहू दे."

त्यानंतर ते कधीमधी बादल्यांपाशी थांबू लागले. त्यांच्या गावाकडं पाण्याची वानवा. बायको भांडी विसळलेलं पाणी चुलीमागच्या लसणाला घालायची, असं एकदा त्यांनी सांगितलं.

तपासणीला दोन दिवस उरले होते. संध्याकाळची गाडी आली, थांबली आणि धापा टाकत निघाली. बिरू लांब सांध्यापाशी होता. वारा उलटा फिरला, इंजिनातल्या ठिणग्या गोदामाकडं उडाल्या आणि सारजानं लोटून ठेवलेल्या पाल्यात पडल्या. आधी नुसता धूर निघाला. सोनेरी उन्हात तो इतका सुंदर दिसत होता की सारजा क्षणभर पाहतच राहिली. मग जाळ उठला. गोदामाला टेकून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, आणि जाळ त्यांच्यापासून हातभर लांब होता.

मास्तर धावत आले. त्यांनी बादली उचलली, पण तशीच छातीशी धरून उभे राहिले. आत बोटाहून उंच झालेली मेथी वाऱ्यानं हलत होती. सारजानं त्यांच्या हातातनं बादली ओढून घेतली. पाला तिनं टाकला होता, खड्ड्यात न्यायचा राहिला होता तोही तिच्याच हातून. तिनं डोळे मिटून बादली जाळावर उपडी केली. मग दुसरी. तिसरी मास्तरांनी टाकली, चौथी पुन्हा तिनं. ओली वाळू होती. जाळ फुसफुसला, दबला, विझला. पेंढ्यांना नुसती धग लागली.

बिरू पळत येऊन पोचला तेव्हा दोघं राखेपाशी उकिडवी बसून काहीतरी वेचत होती.

"माझ्यामुळं झालं, मास्तर," सारजा म्हणाली. "पाला मी ठिवला व्हता हितं."

"इंजिनाची ठिणगी पडली," मास्तर म्हणाले. "आन सांधेवाल्याच्या बायकूनं आग इझवली. मी तसंच लिवणार."

जळालेलं सोडून दिलं, तरी परडीभर मेथी निघाली. सारजानं ती विहिरीवर सात पाण्यांनी धुतली, लसूण ठेचून फोडणी दिली आणि तिघांना तीन भाकऱ्या थापल्या. मास्तर पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत जेवायला बसले. भाजी कोवळी होती, कडसर, तोंडात विरघळणारी. फक्त मधूनच दाताखाली वाळू कचकन वाजायची. तरी मास्तरांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवता जेवता ते बिरूला म्हणाले, विहिरीचं सांडपाणी कुंपणामागं वाहून जातं, तिथं चार वाफे बसतील. साहेब आले की विचारतो. साहेब काय म्हणतील ते तपासणीच्या दिवशीच कळणार होतं. पण सारजा तेवढ्यातच दूर निघून गेली होती. हातातला घास तसाच होता, तोंडात मेथीचा कडसरपणा रेंगाळत होता, आणि कुंपणापलीकडं तिच्या अंगठ्यानं पहिला बांध फुटत होता.