फिरकीच्या तांब्याची वैरीण

मी चंद्रप्पांचा फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, आतून कल्हई केलेला, झाकण फिरवून बंद होणारा. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चांगला नाही. मी जळतो.

लातूरच्या कासाराच्या दुकानातून शरणम्माच्या वडिलांनी मला आणलं आणि लग्नात जावयाला दिलं. चंद्रप्पांचं देवणीत कापडाचं दुकान. खरेदीला कुठंही निघाले, की मी पिशवीत. लोक तांब्यानं वरून पाणी पितात. हे मला तोंड लावून पीत. शरणम्मा ओरडे, "लहान लेकरू हाय का हो तुमी?" मला मात्र त्याचाच लई गर्व. प्रवासात त्या तोंडाला दुसरं भांडं ठाऊक नव्हतं.

मग त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. लातूरच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर सांगितला, आणि मुलगी सुकन्या त्यांना मुंबईकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं भेटली माझी वैरीण, प्रोटॉनची मशीन.

खोलीएवढं धूड! तिचा किरण म्हणे शरीरात ठरलेल्या जागी जातो आणि तिथंच थांबतो, पलीकडं पोळत नाही. जो तो तिचेच गोडवे गाई. चंद्रप्पा तर सकाळी इष्टलिंगाची पूजा करताना म्हणू लागले, "देवा, त्या मशीनला नीट ठेव." चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी चकार शब्द काढला नव्हता! माझा नुसता तिळपापड झाला.

पण त्या बयेचंही माझ्यावाचून अडत होतं. आत जाण्याआधी माझ्यातलं सगळं पाणी प्यायचं आणि लघवी धरून बसायचं. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरकतात, किरणापासून वाचतात. मशीनवर काम करणाऱ्या शिल्पानं हे पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी नंबर लांबला आणि चंद्रप्पांचं धोतर ओलं झालं. बसल्या जागी, चारचौघांत. घरी शरणम्माला फोनवरही त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मात्र अर्धं पाणी गुपचूप बेसिनात ओतलं. पाहणारा मी एकटा.

आत आधी फोटो निघतो. त्यात चोरी सापडली.

"काका, पाणी पूर्ण प्यालात ना?" शिल्पानं विचारलं.

"हाव, पिलो की."

"मूत्राशय भरलेलं नाही. असा किरण देता येणार नाही. पुन्हा पिऊन या, नाहीतर आजचा दिवस गेला."

काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढी मोठी मशीन, आणि माझ्या अर्ध्या पाण्यासाठी हात चोळत बसली. बरी जिरली, म्हटलं.

चंद्रप्पा बाकावर येऊन बसले. मला मांडीवर घेतलं. "कॅन्सरनं न्हाई, ह्या लाजंनं मरीन बघ मी," ते हळूच म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि बोलले ते हे. मला माझीच लाज वाटली. मग त्यांनी मला काठोकाठ भरलं, तोंड लावलं आणि तळ दिसेपर्यंत प्याले. त्या दिवशीचा किरण मिळाला. पुढचे सगळेही मिळाले.

घरी आल्यावर जो येई तो मशीनचंच विचारी. मला फळीवर टाकलं. सुकन्यानं वडिलांसाठी निळी बाटली आणली.

परवा उदगीरचा नरसिंग आला, चंद्रप्पांचा जुना दोस्त. त्यालाही तोच आजार, आणि तोही तिथंच निघालेला. चंद्रप्पांनी मला फळीवरून काढलं, उपरण्यानं पुसलं.

"नरसिंग, हा घिऊन जा. मशीन तिचं काम करंल, पण ह्यातलं पाणी थेंबभर वतू नको. मी वतलो होतो. धोतर ओलं झालं होतं माझं, म्हणून."

शरणम्मा दारातच थांबली. ही गोष्ट तिनं पहिल्यांदा ऐकली.

आता मी नरसिंगच्या पिशवीत आहे. पुन्हा त्या वैरिणीच्या दारात चाललोय. बाबांनो, तिला खुशाल हात जोडा, पण पाणी पुरतं प्या आणि लाजू नका.

आणि चंद्रप्पा, तुम्ही त्या निळ्या बाटलीतून पाणी प्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त वरून प्या. तोंड लावू नका.