नारळ जिकडे गेला तिकडे मी गेलो

मित्रांनो, माझ्या पोटावर 'धुळे ७' असं कोरलेलं आहे. आता ते दिसत नाही, कारण त्यावर दोन बोटं जाडीचा शेंदूर बसला आहे. त्यामुळे मी मैलाचा एक जुना दगड आहे, हे मला शपथेवर सांगावं लागतं. तरी कोणी विश्वास ठेवत नाही. उलट पाया पडतात.

माझा जन्म खाणीत झाला. पाथरवटाने मला घडवलं, चुना फासला आणि आग्रा रोडच्या एका वळणावर, बाहेरच्या अंगाला, कमरेपर्यंत पुरलं. तेव्हा रस्ता एकपदरी होता. बैलगाड्या यायच्या, गाडीवान माझ्याकडे बघून "अजून सात मैल!" म्हणून उसासा टाकायचे. एवढंच माझं काम. ते मी चोख केलं.

मग रस्ता दुपदरी झाला. ठेकेदाराने वळणाच्या बाहेरच्या बाजूला नवी पट्टी जोडली आणि तिचा उतार थेट माझ्याकडे काढला. पट्टीच्या पलीकडची मुरमाची कडा पहिल्याच पावसाळ्यात वीतभर खचली. आतल्या बाजूला बाभळी माजल्या, समोरचं दिसेना. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण दगडाला तोंड नसतं. तेव्हापासून मला चैन नाही. लांबून हॉर्न ऐकू आला की पुरलेल्या अंगालाही कापरं भरतं.

पहिला आला भाईदास. जळगावहून केळी घेऊन निघालेला त्याचा ट्रक वळणावर बाहेर फेकला गेला आणि माझ्यावर टेकून आडवा झाला. गावाने चार दिवस केळी खाल्ली. भाईदासला मात्र खरचटलंसुद्धा नाही. त्याने मला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि धुळ्याच्या ट्रक अड्ड्यावर जाऊन सांगितलं, "वळणवरना देवनी वाचाडं माले!"

झालं. त्या दिवसापासून प्रत्येक ड्रायव्हर ऐन वळणात मला नमस्कार करू लागला. मित्रांनो, नमस्काराला दोन हात लागतात, स्टिअरिंगलाही दोन लागतात, आणि ड्रायव्हरला एकूण दोनच असतात. अपघात वाढले. जो वाचला तो शेंदूर लावून गेला. शेंदूर वाढला म्हणून नमस्कार वाढले, आणि नमस्कार वाढले म्हणून अपघात. सरकारने मैल मोडून किलोमीटर आणले तेव्हा माझे सगळे भाऊबंद उपटले गेले. मला मात्र कोणी हात लावला नाही. मी देव होतो ना!

माझ्या शेजारी यशोदाबाई नारळ-उदबत्तीची टोपली घेऊन बसू लागली. तिचा नवरा पुना या रस्त्यावरचा मैलकुली, खड्ड्यांत मुरूम भरणारा. सगळ्या गाड्या इथेच येऊन आदळतात हे बघून तो रोज तिला सांगायचा, "आठे बसू नको. बठ्ठ्या गाड्या आठेच येतस."

"देव शे ना संगे, माले काय व्हई?" ती म्हणायची.

एकदा ती पाणी प्यायला उठली आणि मागे एका ट्रकने तिची टोपली चिरडली. बाई धावत आली, खोबऱ्याचा चुरा बघितला, मला हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आणखी वीतभर जवळ येऊन बसली. मला ओरडायचं होतं. मी फक्त ऊन खात उभा राहिलो.

मग भाईदास नवस फेडायला आला. भर रस्त्यात त्याच्या हातून नारळ निसटला आणि गडगडत येऊन माझ्या पायाशी थांबला. "चमत्कार!" लोक ओरडले. दुसऱ्या दिवसापासून माणसं रस्त्याच्या मधोमध नारळ ठेवून तो देवाकडे कसा जातो ते बघू लागली. पुना तेवढा चमत्कार बघत नव्हता, उतार बघत होता. त्याने वळणाच्या अलीकडे नारळ ठेवला, पलीकडे ठेवला, उकिडवा बसून विचार केला आणि बायकोला म्हणाला, "नारळ जठे जास, टरक बी तठेच जास."

तो तडक ओव्हरसियर अभयकुमारसाहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "पुना, मी वर काय लिहू? नारळाने तक्रार केली म्हणून?"

पण साहेब आले. त्यांनी रस्त्यावर पातळी बघायची पट्टी ठेवली. तिच्यातल्या बुडबुड्याने नारळाचीच बाजू घेतली. साहेबांनी वहीत कारणं लिहिली: उतार उलटा, कडा खचलेली, बाभळींनी वळण झाकलेलं. मग माझ्याकडे बघून, जरा घुटमळून, चौथं लिहिलं: देव.

महिनाभरात रस्त्याची बाहेरची कड उचलली गेली, मुरूम भरला, बाभळी तुटल्या. राहिलं चौथं कारण. मला उपटायला माणसं आली, तेव्हा गाव काठ्या घेऊन उभं! यशोदाबाई सगळ्यांच्या पुढे.

पुना शांतपणे म्हणाला, "भांडतस कसाले? देवलेच इचारा ना. नारळ देवकडे उना तर देव आठेच राही. दुसरीकडे गया तर देवले तठे जानं शे."

नारळ रस्त्याच्या मधोमध ठेवला. नारळ हलला, क्षणभर विचारात पडल्यासारखा डुलला, आणि माझ्याकडे पाठ फिरवून आतल्या बाजूच्या निंबाखाली जाऊन बसला.

मग यशोदाबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. नवऱ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "तुले ठाऊक व्हतं ना?"

"माले नही. उतारले."

तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. पण परत फिरली नाही.

आता मी निंबाखाली, रस्त्यापासून चाळीस पावलं आत आहे. म्हणजे 'धुळे ७' हे आता चाळीस पावलांनी खोटं आहे. चालेल. यशोदाबाई सावलीत बसते आणि भाव वाढवून नारळ विकते. हॉर्न ऐकला की मला अजून दचकायला होतं. जुनी खोड आहे.

मित्रांनो, गाडी उलटली की नशिबाला बोल लावण्याआधी एकदा वाकून रस्त्याकडे बघा. त्याला तोंड नाही, पण उतार आहे. आणि मला नमस्कार करायचाच असेल, तर गाडी बाजूला लावून, खाली उतरून करा. चालत्या गाडीतून केलेला नमस्कार मी धरत नाही.