स्क्रूला लावलेलं कुंकू

सकाळचे दहा वाजले तरी शेडमधला वीरधवलचा आवाज थांबेना, तेव्हा रंगूबाईंनी निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकली आणि पदर खोचून त्या मागच्या दाराला आल्या.

सतरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेलं पोरगं. घरामागच्या शेडमध्ये त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेली मशीन होती, कॉम्प्युटर सांगेल तसं लोखंड कापणारी. सांगलीच्या पंपवाल्यांनी नमुना म्हणून एक फ्लँज, पाइप जोडायची मधे भोक असलेली चकती, मागितली होती. दुपारी चारच्या आत पोचली आणि पास झाली, तर काम कायमचं इथंच, कडेगावात. नाहीतर सोमवारी खंडाळ्याच्या कंपनीत हजर व्हायचं, तसा शब्द त्यानं देऊन ठेवला होता. सतरा वर्षं रंगूबाईंनी लेक सुट्टीपुरता पाहिला होता. आता परत पाव्हण्यासारखा पाहायची त्यांची तयारी नव्हती. पण हे बोलून दाखवलं तर त्या रंगूबाई कसल्या?

"ह्यो तिसरा तुकडा वाया गेला," वीरधवल बायकोला सांगत होता. "मशीनचं टेबल उजवीकडं नीट जातंय. डावीकडं वळवलं की आधी नुसता स्क्रूच फिरतोय, टेबल जागचं हलत न्हाई. केसाएवढीच ढील, पन भोक गोल यायच्या जागी अंड्यासारखं येतंय. आता एकच तुकडा ऱ्हायलाय."

त्यानं स्क्रूवरचा नट उघडून पुसलेलं फडकं वर धरलं. ग्रीसमध्ये तांबडं उतरलं होतं.

"बघ, गंज! गंजका माल दिला त्या पार्टवाल्या धवलनं. मगाशी फोनवर सोडला न्हाई त्याला. पंपवाल्यांकडं ह्यानंच माझी शिफारस केली आन् ह्यानंच फसवलं!"

रंगूबाईंनी फडकं पाहिलं. मग त्यांची नजर सुनेकडं गेली. क्रांती खाली बघत होती.

खंडेनवमीच्या दिवशी हत्यारांची पूजा झाली, तेव्हा ह्याच क्रांतीनं हात धरला होता. "आत्याबाई, स्क्रूला नगा लावू, वरच्या पत्र्याला लावा." त्यावर रंगूबाई म्हणाल्या होत्या, "काल आलेली मला पूजा शिकवतीस व्हय गं?" आणि मूठभर हळदकुंकू, वर अक्षता, थेट ग्रीसवर. दीड महिना झाला त्याला. सुनेनं नवऱ्याला एका अक्षरानं सांगितलं नव्हतं. आताही ती गप्पच होती, आणि तेच रंगूबाईंना जास्त लागत होतं.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. फक्त धवल तुटला असता आणि पोरगं खंडाळ्याला गेलं असतं.

"गंज न्हाई त्यो," रंगूबाई म्हणाल्या. "कुंकू हाय."

"काय?"

"आ वासू नगंस. नवमीला मी लावलं. ही नगं म्हनत हुती, मी ऐकलं न्हाई. तांदूळबी सापडंल आत."

वीरधवलनं चिमट्यानं नट चाचपला. अर्धा दाणा निघाला, काळाकुट्ट. त्याच्या कपाळाची शीर तटतटली. "अगं आई..."

"माझ्यावर मागनं वरड. आदी त्या धवलला फोन लाव आन् माझ्याकडं दे."

फोन लागला. रंगूबाईंनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळं ती कशी मागतात हेही ठाऊक नव्हतं. "मी वीरधवलची आई. पोरगं तुला वंगाळ बोललं, त्यात तुझा दोष न्हाई. माल चांगला हाय तुझा. कुंकू मी भरलं त्यात."

पलीकडनं हसू आलं. "काकू, हळदीकुंकू केलंत तर आमच्या बायकोला बोलवायचं की!"

"दात नगं काढूस. आज भागंल कसं ते सांग."

धवलनं सांगितलं. नटच्या आतल्या लोखंडी गोळ्या कुंकवा-तांदळानं झिजल्या आहेत, त्या उद्या बदलू. आज नट धुऊन बसवा आणि टेबल दरवेळी एकाच बाजूनं जागेवर आणा. मागं घ्यायचं असेल तर जास्तच मागं घ्या, आणि परत त्याच बाजूनं पुढं या. मधलं भोक टेबल हलवून करू नका. टेबल आवळून ठेवा आणि बोरिंगच्या, म्हणजे भोक वाढवायच्या, हत्यारानं कापा.

"म्हंजी माझ्या शिलाईच्या मशीनवानी," रंगूबाई म्हणाल्या. "चाक उलटं फिरवलं की सुई आदी ढिम्म ऱ्हाती. म्हनून मी कायम आपल्याकडंच फिरवती."

"मग सकाळी का न्हाई सांगितलंस?" वीरधवल म्हणाला.

"सकाळी इचारलंस व्हय?"

दीड वाजता शेवटचा तुकडा चढला. क्रांतीनं घड्याळ उलटं करून ठेवलं. हत्यार फिरू लागलं, टेबल गच्च. रंगूबाई दारातच उभ्या, पाय दुखत होते तरी बसल्या नाहीत. मशीन थांबली. वीरधवलनं भोक पुसलं, मापाचं गेज वर धरलं आणि सोडलं. ते कुठं न अडकता हळूच आत उतरलं.

लगेच त्यानं फ्लँज फडक्यात गुंडाळली आणि अडीचला मोटारसायकलला किक मारली.

पावणेपाचला फोन आला. "आई, पास झाली. खंडाळ्याला न्हाई म्हनून कळवलं."

"बरं. येताना पोटात कायतरी घाल," एवढंच बोलून रंगूबाईंनी फोन ठेवला आणि सुनेकडं पाहिलं.

"त्यो वरचा पत्रा कुठला म्हनलीस गं तू? दाव बरं मला."