साडेचार पेल्यांचा सायकलमार्ग

हे तुम्हीच केलंत. राजधानीत पंख्याखाली बसून नकाशावर पट्टी ठेवलीत, कोस्तेना गावावरून पेन्सिल ओढलीत आणि शेरा मारलात: ‘सायकलने पाच-सात मिनिटे. मुक्कामास अपात्र.’ परदेशी लोक मोल्दोव्हा सायकलवरून बघायला येणार म्हणून मार्ग आखायला तुम्हाला बसवलं होतं, पण तुमच्यातल्या एकानंही कोस्तेनातल्या एका फाटकाची कडी वाजवली नाही. वाजवली असती तर कळलं असतं, की या गावातून इतक्या लवकर मढंसुद्धा जात नाही. त्यालाही चौकाचौकात थांबवतात.

तो ‘अपात्र’ प्रोफिराच्या काळजात घुसला. तिची मुलगी लिलिया इटलीत परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढत होती. फोनवर म्हणाली होती, “आई, सायकलवाले गावात मुक्काम करणार असतील तर मी कायमची येते. आपली मोठी खोली त्यांना देऊ. मी चालवीन सगळं.” मोठी खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली, जिच्यात घरचं माणूस कधीच झोपत नाही. भिंतीभर गालिचे, पलंगावर आढ्याला टेकणाऱ्या उशा. प्रोफिरानं उशा उतरवून उन्हात टाकल्या होत्या. मुक्काम मिळाला तर मुलगी घरी, नाहीतर म्हाताऱ्यांच्या उशाशी. हिशेब सरळ होता.

तिनं तुमच्या कचेरीत फोन लावून शिव्या घातल्या. पलीकडे ऑक्टाव्यन नावाचा तरुण तपासनीस होता. तो नरमला. “मावशी, दिवसभराचा प्रवास निघाला तरच मुक्काम देता येतो. गावातला मार्ग तुम्हीच आखा. मी स्वतः सायकलवर येऊन तपासतो.”

झालं. प्रोफिराच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली सगळं गाव जमलं. गावातलं सगळ्यात जुनं वाइनचं तळघर निकिफोरचं, आणि त्याचा आवाजही तळघरातूनच आल्यासारखा.

“दारावरून माणूस जाणार आणि त्याला पेला नाही? कुत्रं आहे का ते?”

“आणि एकच देऊनही चालायचं नाही,” प्रोफिरा म्हणाली. “पाहुणा एका पायावर जात नाही. दुसऱ्या पायाला दुसरा.”

हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घोडं अडलं ते पुढे. गल्लीच्या टोकाला राहणारी अगाफिया उठली आणि म्हणाली, “अहो, सायकलवाला आहे तो. दोन पाय आणि दोन चाकं. चार पेले.”

कुणीतरी बोटं मोजली.

“चाक म्हणजे पाय होय गं?” निकिफोर गुरगुरला.

“मग तो चालतो कशावर? तुमच्या मिशीवर?”

“बरं, चार. आणि ते उभं करायचं स्टँड?”

“ते लहान आहे, काका. त्याला अर्धा.”

दर फाटकाला साडेचार ठरले. मग मार्ग. अगाफियाची गल्ली पुढे बंद होती. ती म्हणाली, “माझ्या दारावरून मार्ग नसेल तर माझ्या मेंढ्यांचं चीज पण नाही.” म्हणून मार्ग गल्लीत शिरला, तिच्या विहिरीला वळसा घालून बाहेर आला. एकाला वळसा दिला की दुसऱ्याला कसा नाकारायचा? नकाशा मांजरानं खेळलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखा झाला. या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाईल एवढं गाव, पण मार्ग जिल्ह्याच्या रस्त्याहून लांब निघाला. यात कुणी लबाडी केली नव्हती, फक्त कुणाचं फाटक गाळलं नव्हतं. प्रोफिराचं घर शेवटी ठेवलं, रात्र पडेल तिथं.

द्राक्षं काढायच्या दिवसांत ऑक्टाव्यन आला. किडकिडीत, डोक्यावर हेल्मेट.

“मला नुसतं पाणी द्या,” पहिल्या फाटकाशी म्हणाला.

“पाणी बदकं पितात, बाळा,” निकिफोर म्हणाला.

तिसऱ्या फाटकाशी त्यानं हेल्मेट काढून पेला म्हणून पुढे केलं. अंधार पडला तेव्हा तो निकिफोरच्या तळघरात पिंपाला मिठी मारून झोपला होता. दुसऱ्या दिवशी तो विव्हळला, “निदान चाकांचा वाटा चाकांनाच द्या हो!” अगाफिया नियमाची पक्की. तिनं दोन पेले चाकांवर ओतले, अर्धा स्टँडवर. वाइन मातीत मुरताना बघून निकिफोरनं टोपी काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑक्टाव्यन प्रोफिराच्या दारात पोचला तो चालत. सायकल निकिफोरनं गाईसारखी ओढत आणली होती.

मोठ्या खोलीत, उशांच्या ढिगात, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला. उठून भोपळ्याचं सारण भरलेली गरम पोळी, प्लाचिंता, खाताना त्याचे डोळे भरून आले. “मावशी, असा मार्ग अख्ख्या देशात नाही!”

प्रोफिरानं लगेच मुलीला फोन केला. “तिकीट बघून ठेव.”

आणि मग तुमचा निर्णय आला. कोस्तेना पार करायला तीन दिवस लागतात, सबब गाव सायकलसाठी दुर्गम; मार्ग हमरस्त्यावरून, ट्रकांच्या बाजूनं वळवण्यात येत आहे. दुर्गम! जिथं बदकंसुद्धा धापा न टाकता चढतात त्या गावाला दुर्गम!

प्रोफिरा बस पकडून राजधानीत धडकली. ऑक्टाव्यननं मान वर केली नाही.

“नियम आहे, मावशी. एका दिवसाच्या वर गेलं की दुर्गम.”

“बसवते एका दिवसात. कुणाचं फाटक गाळू? अगाफियाचं?”

“त्यांचं चीज फार छान होतं...”

“निकिफोरचं?”

“छे छे, काकांचं नको!”

“मग कुणाचं रे? सांग ना!”

“ते मोठे साहेब ठरवतात,” असं पुटपुटत त्यानं मागच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. प्रोफिरानं दार ढकललं. आत तुम्ही होतात. तिनं लिलियाला फोन लावला आणि तुमच्या चकचकीत टेबलावर, तुमच्या नकाशावर ठेवला.

“आई? इथल्या मालकीणबाई विचारतायत, पुढच्या महिन्यापासून माझ्या जागी दुसरी बघायची का. काय सांगू त्यांना?”

प्रोफिरानं कमरेवर हात ठेवले.

“मला नका समजावू, साहेब. तिला सांगा. कोणत्या शेजाऱ्याच्या दारावरून तोंड फिरवून गेलं म्हणजे माझी पोर घरी यायची? बोला. ती ऐकतेय.”