एकशेऐंशी अंशांचं पाणी

"एवढं शिकून शेवटी पाणीच तापवतेस ना?" असं दादा मला चिडवायचा. आम्ही दोघं एकाच औषध कारखान्यात. तो मिश्रण विभागाचा सुपरवायझर, मी प्रयोगशाळेत.

पाणी तापवते हे खरंच आहे. पण ते एकशेऐंशी अंशांपर्यंत, आणि दाबाखाली, म्हणजे त्याची वाफ होत नाही. इतकं तापलेलं पाणी पाण्यासारखं वागणं सोडून स्पिरिटसारखं वागू लागतं. एरवी त्यात न विरघळणारं औषध विरघळतं आणि ओव्हनमधल्या पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून, पुढे सरकतं. वाटेत त्यातले घटक सुटे होतात आणि पडद्यावर प्रत्येकाचं एकेक शिखर उमटतं. विषारी, महागडं द्रावक लागत नाही, म्हणून साहेब खूश. ही पद्धत मी बसवली होती. तिचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

नव्या पद्धतीने तपासलेली पहिलीच बॅच दादाची निघाली. मुख्य शिखराच्या आधी एक छोटं शिखर आलं. औषध उष्णतेने फुटलं की जे तयार होतं, त्याचं. मर्यादेच्या तिप्पट. याचा अर्थ कारखान्यात कुणालाही कळतो: मिसळताना टाकी तापवणारी वाफ वेळेवर बंद केली नाही. दादाने वहीत तापमान अगदी बरोबर लिहिलं होतं, त्यामुळे नोंदही खोटी ठरली आणि प्रकरण आणखीच वाईट दिसलं.

चौकशीत तो आधी ठामपणे म्हणाला, "वाफ मी स्वतः बंद केली."

मी आलेख त्याच्यासमोर सरकवला. त्याने तो बराच वेळ पाहिला.

"तू तपासलंयस?"

"दोनदा."

"मग असणारच," तो म्हणाला आणि चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करून मोकळा झाला. त्याला निर्णय होईपर्यंत घरी बसवलं.

मला त्याचा राग आला. भांडायचं तरी होतंस! पण तो गप्प का झाला, हे मला पक्कं माहीत होतं. आमचे वडील पंचावन्नाव्या वर्षी विसरायला लागले. आधी नळ, मग गॅस, मग आम्हाला. दादा त्रेपन्नचा आहे.

आता माझी चूक सांगते. पद्धत मी दीडशे अंशांवर पारखली होती. शिखरं आणखी सुटी दिसावीत म्हणून नंतर तीस अंश वाढवले. तपासणीच्या दिवशी तुलनेसाठी बाटलीतल्या शुद्ध औषधाचा नमुनाही कॉलममधून सोडला होता, आणि त्यातही ते छोटं शिखर होतं. बाटली वर्षभर वापरातली. जुनी झाली असेल, असं म्हणून मी नवी मागवली आणि अहवाल पुढे पाठवला. संशय घ्यायचा तो मी बाटलीवर घेतला, ओव्हनवर नाही.

तीन आठवड्यांनी नवी बाटली आली. सील फोडून नमुना सोडला. तेच शिखर, तेवढंच.

मी पंपाचा वेग निम्मा केला, म्हणजे औषध कॉलममध्ये दुप्पट वेळ राहिलं. शिखर जवळजवळ दुप्पट झालं. मग दादाच्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना जुन्या पद्धतीने, थंड कॉलमवर, महागड्या द्रावकात तपासला. स्वच्छ. औषध टाकीत फुटलंच नव्हतं. ते मी फोडत होते.

साहेबांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. "मॅडम, हे आपण आधी बघायला नको होतं का?" त्यांनी दादाला कामावर बोलावण्याचं पत्र दिलं आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. तो मी तिथेच बसून लिहिला. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

पत्र घेऊन तडक दादाकडे गेले. वहिनींनी दार उघडलं. "बरं झालं आलात," त्या हळूच म्हणाल्या. "स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. स्कूटर विकायला काढलीय."

दादा खिडकीशी बसला होता. मी सगळे आलेख त्याच्या मांडीवर पसरले आणि धाप लागल्यासारखी बोलत सुटले: वेग, वेळ, नवी बाटली, थंड कॉलम. "तू काहीही विसरला नाहीस, दादा. चूक माझी आहे."

त्याने एकेक कागद नीट पाहिला. मग म्हणाला, "पण मला आठवतंय गं."

"काय?"

"झडपेवर हात होता. फोन वाजला आणि मी हात काढला. इतके दिवस आठवत नव्हतं. परवा सगळं लख्ख आठवलं."

"असं झालंच नाही, दादा! नमुना स्वच्छ आहे."

तो माझ्याकडे इतक्या मायेने बघत राहिला की मला ओरडावंसं वाटलं. त्याने कागद एकावर एक जुळवले, पत्र त्यांच्यावर ठेवलं आणि सगळं माझ्या हातात परत दिलं.

"माझ्यापायी नोकरी घालवू नकोस," तो म्हणाला. "त्यांना खरं काय ते सांग."