मागे माणूस बसलाय

देवजीने आयुष्यभर मुरबाड-शहापूर लाइनीवर जीप चालवली, आणि त्या जोरावर त्याचं ठाम मत झालं होतं की गाडी चालवता येणारी माणसं जगात दोनच. एक तो स्वतः. दुसरा त्याला गाडी शिकवणारा धाकलू, आणि तो केव्हाच वारला होता.

मग एका दुपारी, गाडी पॅसेंजरांनी भरलेली असताना, देवजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जीप रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरली आणि चिखलात रुतून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीबच म्हणायचं. पण डॉक्टरांनी तपासण्या करून बजावलं की पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. देवजी डॉक्टरांवर चिडला, बायको सरस्वतीवर चिडला, मुलगा सुयोगवर चिडला. चिखलावर मात्र चिडला नाही, कारण त्याच्यामुळे गाडी वाचली होती.

बदली ड्रायव्हर ठेवून पाहिले. पहिला रितेश. तो गाडी खड्ड्यात आपटायचा आणि मागच्या माणसांचं काय झालं ते बघायचाही नाही, म्हणून त्याला आठवड्यात नारळ मिळाला. दुसऱ्याला तर संध्याकाळही बघू दिली नाही. आता जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि सोमवारी शहापूरचा लडकू येऊन ती विकत नेणार होता. रोज परक्याच्या हातात बघण्यापेक्षा एकदाच डोळ्यांआड झालेली बरी, असं देवजीचं म्हणणं.

त्याच्या सुनेचं, पूजाचं, म्हणणं वेगळं होतं. ती उंबरमाळीकडची. बापाच्या पिकअपवर घाटरस्त्यांत गाडी शिकलेली, लायसन, बॅज सगळं रीतसर काढलेलं. तिने एकदा धीर करून सासऱ्याला विचारलं, की लाइनीवर मी चालवू का. देवजी रागावला असता तर तिला चाललं असतं. तो हसला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

जीप जायला एक दिवस उरला होता तो रविवार. सुयोग भिवंडीच्या गोदामात ड्युटीवर. घरात टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन होतं, त्याने हौसेने जुनं विकत घेतलेलं, आणि नवराबायको सुट्टीच्या दुपारी त्यावर लढाया मारत. आज जोडीदार नव्हता, आणि देवजी ओट्यावरून ताडपत्रीकडे बघत नुसता बसून होता. ते पूजाला बघवेना. तिने दुसरा रिमोट त्याच्या हातात ठेवला.

खेळ असा: परक्या सैन्याने बळकावलेला एक डोंगराळ मुलूख. कुठूनही कुठेही जायचं, आणि जीप, ट्रक, मोटरसायकल, हेलिकॉप्टर, जे दिसेल ते घ्यायचं. मालकाला विचारायचं नाही का, असं देवजीने पहिल्यांदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने जीप निवडली आणि पडद्याच्या आपल्या अर्ध्या भागात सुसाट निघाला.

हात जुना, चूकही जुनीच. रस्त्याकडेला एका बाईने घाबरून दोन्ही हात वर केले, तशी देवजीने गाडी थांबवली. त्याच्या लाइनीवर हात वर झाला की थांबतात, दुसरा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तेवढ्यात मागून शत्रूने त्याला टिपलं. पुन्हा निघाला तो थेट शत्रूच्या छावणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला, कारण माणसाला दारात सोडायचं हा त्याचा बाणा. तिथेही मेला. नंतर एकदा जीपला आग लागली, आणि उडी मारून लांब पळायचं सोडून हा गडी गाडीभोवती फिरत राहिला.

“बाबा, गाडी सोडून द्या,” पूजा म्हणाली. “गाडी दुसरी मिळते.”

देवजीने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मग खरी कामगिरी आली. डोंगरापलीकडच्या छावणीत आपला एक जखमी सोबती अडकलेला, त्याला जिवंत अलीकडे आणायचं. देवजीने सगळ्यात वेगवान मोटार घेतली, ती उतारावर उलटली. चिलखती गाडी घेतली, तर तिच्या आवाजाने अख्खी छावणी जागी झाली. सरस्वती चहा घेऊन आली आणि नवरा टीव्हीतल्या गाडीला शिव्या घालतोय हे बघून समाधानाने परत गेली. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज घरात ऐकू येत होता.

शेवटी देवजी वैतागून म्हणाला, की तूच चालव. खेळात तो तिच्या शेजारी बंदूकवाल्याच्या जागेवर बसला.

पूजाने घाई केली नाही. आधी एक जीप नेऊन खिंडीच्या अलीकडे झाडीत उभी केली, तोंड उताराकडे करून. देवजीने मनात म्हटलं, बरोबर, गाडी लावताना निघायचा विचार आधी करावा. मग दोघं चालत पलीकडे गेले आणि तिने शत्रूचाच रसदीचा ट्रक पळवला. नाक्यावरच्या सैनिकांनी आपलाच ट्रक म्हणून मानही वर केली नाही. छावणी दिसायच्या आत तिने तो टेकडीमागे थांबवला, उरलेली वाट पायी तुडवली, आणि गडबड न होता जखमी माणूस खांद्यावर घालून आणला. परतताना पाठलाग लागला, तेव्हा तिने ट्रक अरुंद पुलावर आडवा घातला, चावी तशीच ठेवली आणि लपवलेल्या जीपकडे पळाली. ट्रकचं पुढे काय होईल याची तिला अजिबात फिकीर नव्हती. देवजीला ते जड गेलं, पण पटलं.

जीप ओढ्याच्या काठाने खाली निघाली. मोटरसायकलींवरचे सैनिक दुसऱ्या वाटेने मागे आलेच होते, देवजी बंदुकीवर घामाघूम झालेला. समोर बॉम्बने पडलेला खड्डा आला, आणि पूजाने वेग कमी केला. चाक हळूच उतरवलं, हळूच चढवलं, मग पुन्हा पळवली.

“अगो, मारतील ना आपल्याला! कशाला हळू केलीस?”

“मागं जखमी माणूस हाय ना.”

“ते चित्र हाय. त्याला कसला धक्का बसतोय?”

“ते मला कळतंय बाबा,” पूजा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “हाताला नाय कळत.”

कामगिरी फत्ते झाली, पडद्यावर झेंडे नाचले, पण देवजीचं तिकडे लक्ष नव्हतं. धाकलूने त्याला वर्षभर नुसतं मागच्या बाकावर बसवून गाडी शिकवली होती, ती मागच्याला बसणारा धक्का हाताला कळावा एवढ्यासाठीच. हे सांगून येत नाही आणि कुणी बघतंय म्हणून करताही येत नाही. इथे तर बघणारं कुणी नव्हतं, दुखणारंही कुणी नव्हतं. आणि ह्या पोरीला आपण हसलो. त्याला स्वतःचा मनापासून राग आला, आणि त्या रागाखाली बऱ्याच दिवसांत न वाटलेलं काहीतरी हलकं वाटलं.

तो अंगणात गेला आणि लडकूला फोन लावून, गाडी विकायची नाही, एवढं सांगितलं. लडकू तावातावाने बोलायला लागला तसा त्याने फोन ठेवला. मग आत येऊन, भिंतीकडे बघत, सुनेला म्हणाला, “सकाळी लवकर आटप. स्टँडवर गाडीचा नंबर लावायचाय.”

सोमवारी मुरबाडच्या स्टँडवर बाई ड्रायव्हर बघून लोक जरा घुटमळले. बाकीचे जीपवाले एकमेकांना कोपराने ढोसत होते. भाजीची पाटी घेऊन शहापूरच्या बाजाराला निघालेली धोंडूबाई पहिली चढली, आणि मग गाडी भरायला वेळ लागला नाही. देवजी पूजाच्या शेजारी बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला, जिथे रस्त्याचा प्रत्येक दगड हाडांना कळतो. तिच्या चुका मोजायच्या असं त्याने ठरवलं होतं. सरळगावपर्यंत तो दांडी घट्ट धरून, कान देऊन, तिच्या प्रत्येक गिअरचा हिशोब ठेवत होता.

पुढचं त्याला आठवत होतं ते एवढंच, की खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. डोळे उघडले तर गाडी शहापूरला उभी, सगळे पॅसेंजर उतरलेले, दारात धोंडूबाई पाटी खाली टाकून उभी, आणि समोर पूजाचा पांढराफटक चेहरा. तिला काय वाटलं असेल ते देवजीच्या लगेच ध्यानात आलं.

“घाबरू नको गो,” तो म्हणाला. “झोप लागली.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. चालत्या गाडीत आजवर त्याचा डोळा कधी लागला नव्हता, गाडी कुणाच्याही हातात असो. पूजा समोरच्या बाकावर मटकन बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली. देवजीने तिचं रडणं न दिसल्यासारखं केलं, पाय लांब केले आणि पाठ टेकवली.

“जा, परतीची सीटं भर,” तो म्हणाला. “आणि मुरबाडपर्यंत मला उठवू नको.”